हौदावरची खळ

भिवंडीला जाऊन आले म्हटलं की आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, "कापड काय आणलंस?" मी सांगते, कापड नाही, बेडूक बघायला गेले होते. मग समोरचा माणूस पावसाबद्दल बोलायला लागतो. तरी सांगते, कारण त्या नऊ दिवसांत मला जे मिळालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे सर शिकवतात आणि बरण्या मी पुसते. त्या बरण्यांत मे महिन्यात एका बरणीची भर पडली. माझी वर्गमैत्रीण सुमती भिवंडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, तिने पाठवलेली. आत स्पिरिटमध्ये अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, तपकिरी बेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या होत्या, तेव्हा तो झाडावर चढणारा, वृक्षबेडूक, यात शंका नव्हती. पण नेमका कोणता? पुस्तकातल्या खुणेप्रमाणे मांड्यांच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके हवेत, आणि स्पिरिटमध्ये पिवळा रंग सगळ्यात आधी उडतो. बरणीवर सुमतीच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'भिवंडी. झाडावरून.'

सर म्हणाले, "भिवंडीत लूम आहेत, झाडं कुठली? कोणीतरी घाटातून आणलेला दिसतो. फेकून द्या." मला कोणी फेकून दे म्हटलं की ती वस्तू मी हमखास ठेवते. जुलैत रजा काढली, एक रिकामी बरणी, स्पिरिटची बाटली आणि भिंग पिशवीत टाकलं आणि निघाले. प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. पाऊस होता आणि एस.टी.ची खिडकी लागत नव्हती.

मंगळवार : साबणाची वडी

सुमती राहते ते घर गावाच्या अगदी कडेला आहे. पुढच्या दाराने बाहेर पडलं की लूमचा खटखटाट, मागच्या दाराने पडलं की भातखाचरं. घर गोमीबाईंचं. वय पंचावन्नच्या आसपास, काष्टा घातलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पुढच्या खोलीत सुमती आणि मागच्या तीन खोल्यांत लूमवर काम करणारे भाडेकरू. सगळ्यांच्या मधोमध अंगणात सिमेंटचा हौद. सगळं घर त्यातलंच पाणी प्यायचं.

आल्याआल्या मी साबणाची वडी घेऊन हौदावर तोंड धुवायला गेले. साताऱ्याला आम्ही विहिरीच्या काठावर धुणी आपटतो, त्यामुळे मनात काही आलं नाही. पाठीमागून गोमीबाईंचा आवाज आला, "पाहुनी, साबन मागं घ्या. ते प्यायचं पानी हाय." रागावलेला नव्हता, पण हुकमाचा होता. मी वडी पदराखाली लपवली. इथे हौदावर साबण चालत नाही, पाय धुणं चालत नाही, उष्टं भांडं बुडवणं तर दूरच. पूर्वी कॉलऱ्याच्या साथीत या घरातली माणसं वाचली ती याच शिस्तीने, असं सुमतीने मला नंतर सांगितलं.

त्याच संध्याकाळी मला घरातलं प्रकरण कळलं. दोन-तीन आठवड्यांपासून दिवसाआड सकाळी हौदाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वर वीतभर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला असायचा. गोमीबाई काथ्याच्या ब्रशने तो खरवडायच्या आणि उकिरड्यावर फेकायच्या. तो कुठून येतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भिवंडीत सूत लुमावर चढवण्याआधी खळीत बुडवतात, म्हणजे धागा तुटत नाही. त्या कारखान्याला सायझिंग म्हणतात. मागच्या शेवटच्या खोलीतला राजय्या, तेलंगणातला विणकर, सायझिंगमध्ये रात्रपाळीला होता. पहाटे परत येताना त्याचे हात कोपरापर्यंत खळीने माखलेले गोमीबाईंनी एकदा पाहिले होते. मग हौदात हात कोणी धुतले?

"वाळला का कागदावानी कडक व्हतो," त्या मला म्हणाल्या आणि उकिरड्यावरचा एक तुकडा बोटांत चुरून दाखवला. "खळच हाय ही. मी हितं जलमले. मना खळ वळखाय कोन शिकवनार?"

राजय्याने नाही म्हटलं होतं. पण त्याला हौद बंद झाला होता, आणि अवसेच्या आधी, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत, खोली खाली करायची होती. त्याची बायको नरसम्मा, जिचे दिवस भरत आले होते, रस्त्यापलीकडच्या नळावरून कळशी भरून आणायची.

आता लाज वाटते, पण लिहिते. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या मी तो चुरा बघितला आणि मान डोलावली. मलाही ती खळच वाटली.

बुधवार, गुरुवार : कशेळी आणि दापोडे

वृक्षबेडूक म्हणजे झाड, असा सरळ हिशेब करून मी सुमतीला घेऊन झाडं शोधत निघाले. पहिल्या दिवशी कशेळीला खाडीकाठी गेलो. तिथे झाडी दाट दिसते, पण ती खाऱ्या पाण्यातली, तिवराची. खाऱ्या पाण्यात बेडूक राहत नाही हे मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेते. ते मला तिथे पोचल्यावर आठवलं. चिखलात मात्र निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा पाण्याबाहेर कसा जगतो यावर मी वर्गात अर्धा तास बोलते, बरणीतला दाखवून. इथे एका बाईने टोपलीभर दिल्या आणि संध्याकाळी गोमीबाईंनी त्या चिंच घालून केल्या. श्रावण आठ दिवसांवर आला होता, त्यामुळे घरोघरी मासळीची घाई चाललेली. गरम तांदळाची भाकरी, पातळ आणि मऊ, आणि तो रस्सा. आमच्याकडची ज्वारीची भाकरी मला प्राणाहून प्यारी आहे, पण त्या रात्री मी तिला विसरले हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दापोड्याला. शेताच्या बांधावर एक मोठा वड होता आणि खाली बायका लावणी करत होत्या. वडाकडे बघत बघत चालले आणि खाचरात कमरेपर्यंत गेले. एकीने हाताला धरून ओढून काढलं आणि म्हणाली, "बेडूक बघाय आल्या न सोता बेडूक झाल्या." बाकीच्या हसून हसून बांधावर बसल्या. मग त्यांनीच मला धुतलं आणि आपल्यातली कांदा-भाकर दिली. वडावर मुंगळ्यांशिवाय काही नव्हतं.

घरी येऊन मी सुमतीला धरलं. "खरं सांग, कुठल्या झाडावर मिळाला?"

सुमती पाय पुसत राहिली. मग म्हणाली, "मोरीत. माझ्या टॉवेलवर."

"मग चिठ्ठीवर झाड का लिहिलंस?"

"वृक्षबेडूक मोरीत मिळाला असं कोण लिहितं? तू हसली असतीस."

दोन दिवस चिखल तुडवल्यावर माझा जो संताप झाला तो इथे लिहीत नाही. पण रागावता रागावता मला हसू आलं, आणि माझं मलाच कळलं की हा प्रश्न मी मे महिन्यात पत्राने विचारायला हवा होता.

शुक्रवार : लूम बंद

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. तीन दिवस कानात भरलेला खटखटाट थांबला तेव्हा मला आधी वाटलं, माझे कानच गेले. दिवेलागणीला सगळं शांत असताना मोरीकडून आवाज आला. टक्, टक्, टक्-टक्. कोणी लाकडावर नखाने वाजवावं तसा.

"हा रोजच असल," गोमीबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "लुमाच्या आवाजात कोन ऐकतं?"

बॅटरी घेऊन मी मोरीत गेले. तो वाशाखाली भिंतीला चिकटला होता, पाय पोटाशी घेतलेला, ओल्या मातीच्या रंगाचा. मी ओंजळीत धरला, हळूच मागचा पाय ताणला. काळपट मांडीवर पिवळे धमक गोल ठिपके, हळद शिंपडल्यासारखे. सर, भिवंडीत आहे. घाटातून कोणी आणला नाही. मी ओल्या दगडावर बसलेच, इतका आनंद झाला.

बरणीचं झाकण उघडत होते तेव्हा दारात नरसम्मा उभी राहिली. हातात नळावरून आणलेली कळशी, धापा टाकत. ती स्पिरिटच्या बाटलीकडे बघत होती.

"अक्का, उसको नक्को मारो."

मी सांगितलं की नमुना न्यावा लागतो, अभ्यास असतो. तिने ऐकून घेतलं. मग कळशी खाली ठेवून ती म्हणाली की तिच्या गावाकडे पाऊस आला नाही तर बायका बेडकाला मुसळाला बांधतात, घरोघर नेतात, लोक त्याच्यावर पाणी घालतात आणि बेडूकमाता म्हणून तिची गाणी म्हणतात. मग सोडून देतात. तिला कोणी मारत नाही. "मेरे दिन भरे सो है. घर में मारना अच्छा नै."

तिच्या अवघडलेल्या शरीराकडे बघून मी झाकण परत लावलं. बेडकाची लांबी पट्टीने मोजली, बोटं, चकत्या, पडदे, ठिपके सगळं कागदावर काढलं आणि त्याला वाशावर परत ठेवला. साताऱ्याला आल्यावर सरांनी ते रेखाटन अर्धा तास बघितलं, नाव मान्य केलं आणि रिकाम्या बरणीबद्दल मात्र ते मला जे बोलायचं ते बोलले. मी ऐकून घेतलं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

पण त्या संध्याकाळी जायला वळताना नरसम्मा आणखी एक वाक्य बोलली. "सुबू-सुबू हौद पे बैठता ये. दो-दो, तीन-तीन बैठते."

"हौदावर? हे तू गोमीकाकींना का नाही सांगितलंस?"

"एक को अम्मा झाडू से मारी, मोरी में. बोली तो इनको भी मारती."

पहाटे हौदावर दोन-दोन, तीन-तीन बेडूक. आणि सकाळी त्याच भिंतीला पांढरा फेस. या जातीचे बेडूक पाण्याच्या वर फेस घुसळून त्यात अंडी घालतात, हे मी परीक्षेसाठी कधीतरी वाचलं होतं. परीक्षा पास झाले आणि विसरले. जिला हौदापाशी जायची बंदी होती तिने ते बघितलं होतं आणि बेडकांचा जीव वाचावा म्हणून गप्प बसली होती. तिला फेसाचा आणि बेडकाचा संबंध माहीत नव्हता. माहीत असायला हवा होता तो मला.

शनिवार : गाठी

शनिवारी पहाटे हौदावर नवा गोळा होता, मुठीएवढा. गोमीबाई ब्रश घेऊन आल्याच होत्या. मी त्यांना थांबवलं, टोकावरचा थोडा फेस बोटावर घेतला आणि भिंग लावलं. आत राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे. मी भिंग त्यांच्या हातात दिलं.

"काकी, ही अंडी आहेत. बेडकाची."

त्यांनी एक डोळा मिटून नीट बघितलं. मग भिंग परत दिलं. "गाठी हायेत. खळ बरोबर शिजली न्हाय का अशाच गाठी व्हतात."

त्या म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. खळीत तशा गाठी होतातच. सगळं आयुष्य खळीच्या गावात काढलेल्या बाईला मी पुस्तकातलं सांगत होते, आणि तेही काल आठवलेलं. शेवटी मी हात जोडले. "एवढा एक गोळा बुधवारपर्यंत राहू द्या. खरवडू नका."

त्यांनी ब्रश खाली घेतला. "ऱ्हाऊ दे. पन खोली खाली व्हनार म्हंजे व्हनार. आन तो फेस हाय तवर हौदाचं पानी माज्या घरात कोन पिनार न्हाय."

म्हणजे माझ्यापायी सगळं घर नळावर जायला लागलं. गोमीबाईसुद्धा, डोक्यावर दोन-दोन भांडी घेऊन. मी साताऱ्याला रजा वाढवल्याची तार केली आणि प्रायश्चित्त म्हणून कळशी उचलली. पहिल्या खेपेला अर्धं पाणी माझ्या पाठीवर आलं. बाकीचे भाडेकरू माझ्याकडे ज्या नजरेने बघत ती मी पाठमोरी असतानाही मला कळे.

रविवार ते मंगळवार

राजय्याशी मी रविवारी बोलले. उंच, वाकलेला, बोलताना जमिनीकडे बघणारा माणूस. गावात दोन ठिकाणी खोली बघून आला होता. "नौ महीने की औरत को कौन रखता, बाई?" हात तो कारखान्यातच धुऊन येतो, म्हणाला. एकदाच कारखान्यातलं पाणी गेलं म्हणून तसाच आला होता, आणि नेमकं त्याच दिवशी अम्मांनी बघितलं. मी फेसाबद्दल विचारलं तेव्हा तो ओशाळून हसला.

"मेरे को भी खळ ही लगा. मैं सोचा, नींद में आता हूँ, मैंच कुछ करा होगा."

निर्दोष माणसाला स्वतःचीच शंका यावी याचं मला फार वाईट वाटलं. मी त्याला ठासून सांगितलं की तो फेस त्याचा नाही. पण माझी खात्री माझ्यापाशी. त्याला बुधवारी जागा हवी होती.

सोमवारी फेस वरून पिवळट झाला. मंगळवारी पाऊस नव्हता आणि तो वाळून कडक झाला. गोमीबाईंनी नखाने टकटक केलं, कागदासारखा आवाज आला. त्या मान हलवत आत गेल्या, आणि मला तेच जास्त लागलं. अंडी आत सुकून मेली असतील तर? मग मी चार दिवस सगळ्या घराला पाणी वाहायला लावून एका गरोदर बाईला खोटी आशा दाखवली, एवढंच झालं असतं. त्या रात्री निवटीचा रस्सासुद्धा मी ताटात तसाच ठेवला. झोपताना पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

बुधवार

सकाळी राजय्याच्या दारात हातगाडी उभी होती. राजय्या चटई आणि भांडी दोरीने बांधत होता. नरसम्मा पायरीवर बसली होती, दोन्ही हात मागे टेकून.

मी हौदाकडे धावले. फेसाचा खालचा भाग रात्रीच्या ओलीने मऊ पडून लोंबत होता. गोमीबाई ब्रश घेऊन आल्या. माझी मुदत संपली होती, त्या शब्दाच्या पक्क्या. मी बाजूला सरकले. त्यांनी हात पुढे केला तोच फेसाचा एक थेंब सुटला आणि पाण्यात पडला. पडला तो विरघळला नाही. शेपटी हलवून भिंतीकडे पोहत गेला.

मग दुसरा. मग एकदम सात-आठ.

गोमीबाईंनी ब्रश कठड्यावर ठेवला. मी भिंग पुढे केलं ते त्यांनी घेतलं नाही. हौदावर दोन्ही हात टेकून वाकून बघत राहिल्या. भाडेकरू जमले, सुमती आली, राजय्या हातातली दोरी तशीच धरून आला. फेसातून थेंब सुटत होते आणि प्रत्येक थेंब पोहत होता.

"जित्ती हायेत," गोमीबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या, हळू आवाजात.

त्या आत गेल्या. मला वाटलं, मानी बाई, आता दार लावून बसतील. त्या स्वतःची तांब्याची कळशी आणि धुतलेलं पांढरं फडकं घेऊन बाहेर आल्या. बेडकाची पोरं होती त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, फडक्यातून गाळून, सावकाश कळशी भरली आणि डोक्यावर घेतली. ती कोणासाठी आहे हे हातगाडीपर्यंत पोचल्यावर कळलं. नरसम्मा उठायला लागली.

"बस. उठू नुको," गोमीबाई मराठीतच म्हणाल्या. रिकाम्या खोलीत जाऊन, जिथे काल भांडी होती तिथे त्यांनी कळशी टेकवली. बाहेर येऊन हातगाडीवाल्याला म्हणाल्या, "तू जा रं बाबा. आज काय न्यायाचं न्हाय." आणि राजय्याकडे बघून, "मेरा चूक हुआ. मैं खळ समजी." राजय्याने मान हलवली.

नरसम्माने बांधलेल्या भांड्यांतून एक पेला ओढून काढला. भिंतीला धरत उठली, आत जाऊन त्या कळशीतलं पाणी ओतलं आणि पहिला पेला गोमीबाईंच्या पुढे धरला. चार दिवस हौदाचं पाणी घरात कोणी पिणार नाही म्हणणाऱ्या गोमीबाई तिच्याच उंबऱ्यावर बसल्या आणि तो पेला तळापर्यंत प्यायल्या. दुसरा नरसम्मा प्याली. तिसरा तिने मला दिला. त्या बाईने बेडूक वाचवला, बेडकाची खूण मला दिली, आणि वर पाणी माझ्यापुढे धरत होती. आयुष्यात मी पाणी पुष्कळ प्याले आहे, पण कोणाचे उपकार मानत प्याले ते त्याच एका सकाळी.